रुमालाखालचा भाव

प्रश्न चौथा, गुण एक:
मिसेस हॉपकिन्सने पियानो विकायला काढला,
मग गिऱ्हाईक आल्यावर
झाकण का उघडलं नाही?

संध्याकाळी सहा ते साडेसात, आंबेडकरनगर,
समाजमंदिराच्या फरशीवर नववीची अकरा मुलं.
मार्केट यार्डाच्या भिंतीपलीकडून
कांद्याचा, ओल्या गोणपाटाचा वास.
दोन ट्यूबलाइटी, त्यातली एक
लागू की नको असं करत असलेली.
उताऱ्यात बर्फ आहे, दिवाणखाना आहे, चिमणी आहे.
ही चिमणी म्हणजे धुरांडं, हे मी सांगेपर्यंत
आलियाने समासात
पंख फुगवून बसलेली एक काढलीसुद्धा.

मी यांना युक्ती शिकवलीय.
लाज वाटते, तरी सांगते.
प्रश्नातला शब्द उताऱ्यात हुडका,
सापडला की ती ओळ उतरवा,
पुढची अर्धीही घ्या, पूर्णविराम ठोका.
निम्मे गुण कुठे जात नाहीत.
मीही अशीच सुटले.
दहावीला 'हेन्स' म्हणजे कोंबड्या धरून
एका शास्त्रज्ञाच्या चरित्रात
चार कोंबड्या पाळल्या होत्या मी,
आणि पास झाले होते.

पण चौथ्या प्रश्नाला ओळच नाही.
झाकण हा शब्द उताऱ्यात एकदाच येतो
आणि बंद असतो.

बोटं फिरली कागदावरून,
तांदूळ निवडावेत तशी.
प्रणाली म्हणाली, छापताना राहिलं असेल.
इरफान म्हणाला, किल्ली हरवली असेल बाईंची.
सम्यक ओव्हाळ काहीच म्हणाला नाही बराच वेळ.
मग म्हणाला,
मॅडम, तिला विकायचाच नाहीये.

कशावरून?

आमचा आजा यार्डात हमाल होता.
तेव्हा व्यापारी रुमालाखाली
बोटं धरून भाव करायचे.
बघणाऱ्याला काय दिसणार? रुमाल.
आजा खांदे बघायचा.
खांदा पडला, की सौदा झाला.
वर राहिला, तर माणूस नुसता भाव काढायला आलाय.
हिचा खांदा वर आहे.

खांदा कुठे लिहिलाय, प्रणालीने विचारलं.
रास्त प्रश्न.
आम्ही सगळे पुन्हा उताऱ्यात शिरलो.
तिसऱ्या परिच्छेदात ती दोनदा चहाचं विचारते,
किंमत एकदाही उतरवत नाही.
गिऱ्हाइकाला पोचवायला फाटकापर्यंत जाते,
अंगावर शाल न घेता, बर्फात.
म्हणजे घाई कोणाला होती?
हा उतारा मी पाच वर्षं शिकवतेय.
मला फाटक माहीत होतं,
फाटक म्हणजे गेट,
त्याचं स्पेलिंग, त्याचं अनेकवचन.

सम्यकने लिहिलं:
शी इज नॉट सेल.
शी ओन्ली सी हाऊ मच पीपल वॉन्ट.
क्रियापदं दोन, दोन्ही जायबंदी.
वाक्य मात्र चालत होतं,
लंगडत, पण नेमक्या घरी.

माझ्याकडच्या नमुना उत्तरात लिहिलंय:
तिला संगीताची आवड होती.

परीक्षकाचा विचार केला मी.
कुठल्या तरी शाळेत, पंख्याखाली,
दोनशे पेपर आणि गार होत चाललेला चहा.
त्याला कुठला रुमाल, कुठला आजा.
म्हणाले, तुझं बरोबर आहे रे.
पण परीक्षेत संगीताची आवडच लिही.
एक गुण आहे, सोडू नकोस.

बरं, म्हणाला तो.
मग विचारलं,
तुम्हाला कुठलं पटलं, मॅडम?

मी वह्यांचा गठ्ठा सारखा केला,
आधीच सारखा होता तो.
म्हटलं, दोन्ही आपापल्या जागी ठीक.

तो माझ्या तोंडाकडे बघत नव्हता.
जरा खाली, डाव्या बाजूला बघत होता.
मग त्याने 'शी इज नॉट सेल'वर
एक सरळ रेघ मारली, पट्टी घेऊन,
आणि पाचव्या प्रश्नाकडे वळला.

पाचवा विरुद्धार्थी शब्दांचा होता.